वनउद्यानातली पहिली फेरी: सोप्या ट्रेलवर माउंटन बाइक कशी चालवावी

ट्रेलच्या तोंडाशी पाटी असते. तिच्यावर पांढरं किंवा हिरवं वर्तुळ असेल तर ती वाट नवशिक्याची. निळा चौकोन म्हणजे मधली पातळी. पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार दिसला तर आज तिकडे फिरकायचं नाही. ही चिन्हं इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या पद्धतीतली आहेत आणि त्यांच्यामागे ठरलेली मापं आहेत. हिरव्या ट्रेलची वाट किमान ३६ इंच रुंद असते. चढ सरासरी ५ टक्क्यांपर्यंत, एखाद्या तुकड्यात फार तर १५ टक्के. टाळता न येणारा अडथळा २ इंचांपेक्षा उंच नसतो. निळ्यावर हीच उंची ८ इंचांपर्यंत जाते आणि वाट २४ इंचांवर येते. हिरव्यावरून निळ्यावर जाताना तीन-चार पायऱ्या एकदम चढाव्या लागतात, म्हणून घाई नको.

या मापांत ‘टाळता न येणारा’ हे शब्द महत्त्वाचे. वाटेच्या एका कडेला फूटभर उंच दगड असू शकतो, फक्त त्याच्या बाजूने जायला जागा ठेवलेली असते. ती जागा वेळेवर दिसली तर ट्रेल सोपा, नाही दिसली तर दगड समोर. सोप्या ट्रेलवर पडणारे बहुतेक जण अडथळा मोठा होता म्हणून पडत नाहीत. नजर भलतीकडे होती किंवा ब्रेक भलत्या जागी दाबला, म्हणून पडतात. पुढे जे काही सांगितलं आहे त्यातलं निम्मं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

पाटीवर आणखी दोन गोष्टी बघायच्या: बाणाची दिशा आणि ट्रेल आज खुला आहे की बंद. फेरीचे बरेचसे ट्रेल एकाच दिशेने चालवायचे असतात. उलट्या दिशेने शिरलात तर आंधळ्या वळणावर समोरून येणारा थेट अंगावर येईल. पाटीचा फोटो काढून ठेवा. दाट झाडीत मोबाइलवरचा ठिपका बऱ्याचदा वीस-तीस मीटर इकडेतिकडे सरकतो, आणि शेजारशेजारच्या दोन वाटांपैकी आपण कोणत्या वाटेवर आहोत हे त्यावरून कळत नाही. वाटेत क्रमांकाचे खांब असतील तर मागे टाकलेल्या शेवटच्या खांबाचा क्रमांक लक्षात ठेवायचा. मदत मागवायची वेळ आली तर ‘मोठ्या झाडाजवळ’ असं सांगून कुणाला काही कळणार नाही.

सायकल: हवा, सीट, फोर्क

पुढे सस्पेंशन आणि मागे काही नाही, अशी साधी हार्डटेल पुरते. टायर २.१ ते २.४ इंच रुंद आणि दातेरी हवेत. दोन्हीकडे सस्पेंशन असलेली महागडी सायकल पहिल्या दिवशी वाईट नाही, पण ती चुका पोटात घालते आणि त्या तुम्हाला कळतच नाहीत. हार्डटेल लगेच सांगते.

सगळ्यात जास्त घोळ हवेत होतो. रस्त्यावर चालवायची म्हणून ४५-५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) भरलेली असते आणि तशीच सायकल जंगलात जाते. इतकं कडक टायर मुळावरून टुणकन उडतं आणि जमिनीला टेकायच्या आत बाजूला घसरतं. मऊ टायर मुळाभोवती दबतं आणि धरून ठेवतं. तुमचं वजन ६० ते ७५ किलो असेल आणि आत ट्यूब असेल तर पुढे २५ ते २८ आणि मागे २८ ते ३१ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडे ३-४ कमी. वजन जास्त असेल तर दर दहा किलोंमागे साधारण २ पीएसआय वाढवा. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तो आकडा गाठायलाच हवा असं काही नाही. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा गेज वापरा. २५ आणि ३५ मधला फरक अंगठ्याला फारसा कळत नाही, चाकाला मात्र चांगलाच कळतो.

हवा फार कमी केली तर वेगळंच दुखणं. टायर दगडावर आपटून रिमपर्यंत दबतं, मधली ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. हा आवाज ओळखा: धातूवर आपटल्यासारखा ‘ठण्ण’. तो फेरीत एकदा आला तर हवा २ पीएसआय वाढवायची. कधीच आला नाही आणि सायकल सतत उडत असेल तर २ कमी करायची. एका वेळी दोनच. एकदम पाच बदलले तर नेमकं काय लागू पडलं ते समजत नाही.

पुढच्या फोर्कला, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेंशनच्या दुहेरी दांड्याला, लॉकआउट असतो: सस्पेंशन बंद करायची कळ. उद्यानापर्यंत डांबरी रस्त्याने येताना फोर्क बंद केलेला असतो आणि ट्रेलवर उघडायचा राहून जातो. ‘आज हात फार दुखले’ या तक्रारीमागे कितीदा तरी एवढंच असतं. हवेचा फोर्क असेल तर त्याचा बसकाही, म्हणजे तुमच्या वजनाने तो किती दबतो तेही, एकदा मोजा. फोर्कच्या चकचकीत नळीवर रबराची बारीक रिंग असते. ती खाली सरकवून घ्या, पेडलांवर अलगद उभे राहा (भिंतीचा किंवा मित्राच्या खांद्याचा आधार घेऊन), आणि उड्या न मारता उतरा. १०० मिलिमीटर चालीचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा) फोर्क असेल तर रिंग १५ ते २० मिलिमीटर वर सरकलेली हवी. कमी सरकली तर थोडी हवा काढा, जास्त सरकली तर भरा. त्यासाठी सस्पेंशनचा खास बारीक पंप लागतो. चाकाचा पंप यात चालत नाही.

सीटची उंची रस्त्यावर अशी ठरवतात: पेडल सगळ्यात खाली, टाच त्यावर, पाय जवळपास सरळ. ट्रेलवर त्यापेक्षा ३-४ सेंटिमीटर खाली घ्या आणि पहिली फेरी तशीच करा. बटण दाबून खाली जाणारा ड्रॉपर असेल तर उत्तमच, मग चढावर वर आणि बाकी सगळीकडे खाली. उंच सीटचा त्रास उतारावर होतो. शरीराला मागे-खाली जायला जागाच उरत नाही, आणि चाक खड्ड्यात गेलं की सीट मागून ढकलून तुम्हाला हँडलकडे फेकते.

निघण्यापूर्वी दोन मिनिटं: दोन्ही चाकांचे ॲक्सल घट्ट आहेत का, हँडल हलतंय का (पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला, हँडलच्या मानेपाशी ‘खट’ जाणवला तर ढिलं आहे), आणि ब्रेकची लिव्हर दाबल्यावर ग्रिपला टेकते का. टेकत असेल तर आज ट्रेल नाही. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे तेही बघून घ्या. ते देशादेशांत वेगळं असतं, आणि भाड्याच्या किंवा उसन्या सायकलवर इथेच गडबड होते. शेवटी सायकल वीतभर उचलून सोडा. खुळखुळाट झाला तर काहीतरी सुटलेलं आहे.

अंगावर आणि पाठीवर

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा व्ही कानांच्या अगदी खाली, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी जागा. मागे सरकवून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट कपाळ उघडं ठेवतं, आणि पडताना पुढे तेच येतं. हातमोजे पूर्ण बोटांचे. चष्मा पारदर्शक किंवा फिकट पिवळा. काळ्या काचा झाडीत घातक, कारण उन्हाच्या कवडशातून सावलीत शिरताना दोनेक सेकंद काहीच दिसत नाही आणि मुळं नेमकी सावलीत असतात. बूट सपाट रबरी तळव्याचे घालायचे, नाड्यांची टोकं आत खोचून, नाहीतर चेनमध्ये जातात. पाय अडकवायची पेडलं पहिल्या दिवशी नकोत. साधी सपाट, खिळ्यांची पेडलं हवीत.

पाठीवर एक ट्यूब (चाकाचा आकार आणि व्हॉल्व्ह दोन्ही जुळणारी), दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की असलेला मल्टिटूल, चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी). पाणी तासाला अर्धा लिटर धरून. ट्रेल घरापासून हाकेच्या अंतरावर असला तरी हे सगळं लागतं, कारण फेरीच्या मधोमध पंक्चर झालं तर दोन किलोमीटर सायकल ढकलत यावं लागतं.

उभं राहायला शिका

ट्रेलमध्ये शिरायच्या आधी पंधरा मिनिटं सपाट गवतावर किंवा मोकळ्या जागेत घालवा. ती फुकट जात नाहीत.

दोन्ही पेडलं एका पातळीत, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे. पेडलवर चवड्याच्या थोडं मागचा भाग. सीटवरून उठा. गुडघे थोडे वाकलेले आणि जरा बाहेर, कंबर मागे आणि खाली, कोपरं बाहेर काढलेली, जणू दोन्ही बाजूंना कुणाला तरी हलकासा धक्का देताय. टाचा पेडलपेक्षा किंचित खाली. आता खरी परीक्षा: हँडलवरची बोटं क्षणभर उघडून बघा. शरीर पुढे कोसळलं नाही तर भार पायांवर आहे आणि सगळं बरोबर आहे. कोसळलं तर तुम्ही हातांवर टेकलेले आहात. हातांवर टेकलेला माणूस प्रत्येक मुळाचा धक्का खांद्यापर्यंत घेतो आणि मग घाबरून ग्रिप आवळतो. आवळलेल्या ग्रिपने हात दहा मिनिटांत भरून येतात, आणि ब्रेकवरचं बोट नीट चालेनासं होतं.

पुढे कोणता पाय ठेवायचा? जो आपोआप येतो तो. काहींचा डावा, काहींचा उजवा. बदलायचा प्रयत्न आज करू नका.

या अवस्थेला ‘तयार’ म्हणू. पेडल मारायचं नसेल आणि जमीन खडबडीत असेल तेव्हा प्रत्येक वेळी ‘तयार’. सपाट, गुळगुळीत तुकड्यात बसा आणि दम खा.

ब्रेक कुठे दाबायचा

लिव्हरवर एकच बोट, तर्जनी, आणि तेही कायम ठेवलेलं. उरलेली तीन बोटं ग्रिपवर. लिव्हर आतल्या बाजूला इतकी सरकवा की तर्जनी तिच्या टोकावर येईल. टोकावर कमी जोर लागतो. चारही बोटांनी ब्रेक दाबायची सवय शहरातल्या जुन्या सायकलींवरून आलेली असते. डिस्क ब्रेकवर तीच सवय चाक जागच्या जागी बंद करते.

ब्रेक लावला की भार पुढे सरकतो. त्यामुळे थांबवायचं मुख्य काम पुढचं चाक करतं. ‘पुढचा ब्रेक लावू नका, उलटे व्हाल’ हा सल्ला आम्हाला पटत नाही. नुसत्या मागच्या ब्रेकने चाक बंद होऊन घसरतं, थांबायला जास्त अंतर लागतं, आणि वाटेवर नांगरल्यासारखा चर पडतो. पुढचा ब्रेक धोकादायक होतो तो अचानक झटक्यात दाबला तर, वळणात चाक वळलेलं असताना दाबला तर, किंवा पुढचं चाक दगडाला अडलेलं असताना दाबला तर. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत, कंबर मागे नेत, सरळ वाटेवर.

हे मोकळ्या जागेत करून बघा. जमिनीवर काठीने रेघ ओढा. जरा वेगात या, रेघेवर ब्रेक सुरू करा, थांबलात तिथे काडी ठेवा. मग वेग वाढवून पुन्हा. दुसरी काडी अपेक्षेपेक्षा खूपच पुढे पडेल, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायचं अंतर चौपट होतं. ट्रेलवर १५ किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या थोडं वर. दिसलं, कळलं, बोट हललं, यात एक सेकंद सहज जातो. म्हणून नजर पुढच्या चाकावर ठेवून भागत नाही. ती किमान तीन सेकंद पुढे, म्हणजे बारा-तेरा मीटरवर हवी. जवळचं मूळ एकदा पाहिलं की ते डोक्यात राहतं. त्याच्याकडे टक लावून बघत राहिलात तर सायकल इमानदारीने त्याच्यावरच जाते.

ट्रेलवरचा नियम एका ओळीचा: वेग आधी कमी करा, मग ब्रेक सोडून अडथळा पार करा.

मुळं

वनउद्यानातल्या ट्रेलची खरी परीक्षा मुळांची. माती पावसाने आणि चाकांनी झिजते, मुळं उघडी पडतात, आणि त्यांची साल जाऊन ती शिसवी लाकडासारखी गुळगुळीत होतात. ओल्या मुळावर टायरला पकड जवळजवळ मिळतच नाही. मग ते पार कसं होतं? चाक सरळ आडवं छेदून गेलं आणि त्या क्षणी त्याच्यावर ना ब्रेक आहे ना पेडलचा जोर, तर पकड लागतच नाही. चाक नुसतं वरून लोळत जातं.

दुखणं तिरक्या मुळांचं. वाटेला तीस-चाळीस अंशांत तिरकं पडलेलं मूळ पुढच्या चाकाला रुळासारखं बाजूला घेऊन जातं. त्यावर उपाय असा. सात-आठ मीटर आधी वेग माणसाच्या धावण्याइतका आणा. मूळ कुठे सरळ छेदता येईल ती जागा शोधा. बऱ्याचदा वाटेच्या एका कडेला तेच मूळ वळलेलं असतं आणि तिथे कोन बरा मिळतो. तिकडून आत या. चाक मुळाला लागायच्या अर्धा सेकंद आधी ब्रेक पूर्ण सोडा, पेडलं एका पातळीत आणा, कोपरं ढिली करा, आणि हँडलवरचा भार काढून कंबर जरा मागे न्या. हँडल ओढून उचलायचं नाही, नुसतं हलकं करायचं. पुढचं चाक गेलं की शरीर परत मध्ये आणा, मग मागचं चाक तसंच हलकं होऊन येईल. मागचं चाक थोडं घसरलं तर घसरू द्या. पुढचं चाक सरळ असेल तर मागचं आपलं आपण रांगेत येतं. त्याच क्षणी घाबरून ब्रेक दाबणं ही पडायची सर्वांत हमखास रीत.

पालापाचोळ्याखालची मुळं दिसत नाहीत. वाळक्या पानांचा थर असेल तर खाली मूळ आहे असं गृहीत धरून चाला, विशेषतः मोठ्या बुंध्यांच्या जवळून जाताना.

झाडांच्या मधून

आजच्या माउंटन बाइकचं हँडल ७४० ते ७८० मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे तुमच्या खांद्यांपेक्षा चांगलंच बाहेर. दोन बुंध्यांमधून जाताना हे आठवतं, पण उशिरा. सरळ जाताना फारसा त्रास नाही. वळत-वळत जाताना सायकल आत झुकते आणि आतल्या बाजूचं हँडलचं टोक बुंध्याच्या दिशेने सरकतं. ते टेकलं की हँडल झटक्यात त्याच बाजूला वळतं आणि तुम्ही झाडाला मिठी मारता. म्हणून वळणाच्या आतल्या झाडापासून हात-दीड हात बाहेर राहा, आणि बुंध्यांकडे न बघता मधल्या मोकळ्या जागेच्या पलीकडे बघा. फारच अरुंद वाटलं तर उतरून हँडल मध्ये धरून बघा. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा असेल तर चालण्याच्या वेगाने जाता येतं.

वळणं, चढ, उतार

वळणाच्या आधी, सायकल अजून सरळ असताना, ब्रेक संपवा. वळणात शिरताना नजर वळणाच्या शेवटी. मान वळली की खांदे वळतात, खांदे वळले की सायकल. सपाट वळणात बाहेरचा पाय खाली आणि त्याच्यावर भार, सायकल आत झुकवलेली, पण तुमचं धड त्यामानाने सरळ. सायकलसोबत सगळंच्या सगळं झुकलात तर टायरच्या कडेच्या दात्यांवर दाब येत नाही. बाहेरच्या बाजूला मातीचा उंच बांध घातलेला असेल तर पेडलं एका पातळीतच ठेवा आणि बांधाच्या मध्यावरून जा. तिथे बांधच तुम्हाला वळवतो.

चढाला गिअर चढाच्या आधी बदला. चढाच्या मध्यावर, पूर्ण जोर लावलेला असताना बदलला तर चेन करकरते, उडते, कधी तुटते. उशीर झालाच तर एक पेडल जोरात मारून वेग घ्या, पुढचं अर्धं पेडल अलगद फिरवा आणि त्या अर्ध्यात गिअर टाका. बसूनच चढा. पुढचं चाक भटकायला लागलं तर सीटच्या टोकाकडे सरका आणि छाती खाली घ्या. मागचं चाक जागीच फिरायला लागलं तर थोडं मागे सरका. या दोन टोकांच्या मध्ये दोन-तीन सेंटिमीटरची जागा असते, ती सापडली की चढ अचानक सोपा होतो. थांबावंच लागलं तर वरच्या बाजूचा पाय जमिनीवर टेका. खालच्या बाजूचा टेकायला गेलात तर तिथे जमीन अपेक्षेपेक्षा खोल असते.

उतारावर नवशिक्यांना ‘मागे जा, मागे जा’ असं ओरडून सांगतात आणि ते थेट मागच्या चाकावर लटकतात. हात ताठ, पुढच्या चाकावर भार शून्य. आणि भार नसलेलं चाक ना वळतं ना थांबवतं. हिरव्या ट्रेलच्या उतारांना एवढं मागे जायची गरजच नसते. ‘तयार’ व्हा, टाचा खाली दाबा, छाती खाली घ्या, कोपरं वाकलेली राहतील इतकंच मागे. उताराच्या सुरुवातीलाच वेग धरून ठेवा. आधी सोडून दिला आणि तळाशी आवरायला गेलात, तर तळाशी नेमकं वळण किंवा भुसभुशीत माती असते.

लाकडी पुलांबद्दल थोडक्यात: सरळ शिरा, वर ब्रेक नाही, वर वळणं नाही, आणि फळ्या ओल्या किंवा शेवाळलेल्या असतील तर उतरून चालत जा. कुठलीही जागा चालत पार केली म्हणून कुणी हसत नाही. हसलाच तर त्याला पुढे जाऊ द्या.

पहिल्या दिवसाच्या फेऱ्या कशा वाटून घ्यायच्या

तीन-चार किलोमीटरच्या फेरीला पहिल्यांदा अर्धा-पाऊण तास धरा. पहिली फेरी पाहणीची. आवडलेल्या आणि भीती वाटलेल्या जागा लक्षात ठेवायच्या. मग एखादी अवघड जागा निवडून थांबा, सायकल बाजूला ठेवून चालत वर जा, कुठून शिरायचं आणि ब्रेक कुठे सोडायचा ते ठरवा, आणि तेवढाच तुकडा तीन-चारदा करा. दुसरी फेरी त्यानंतर. तिसरी बहुतेकांना करावीशी वाटते आणि पडतात ते त्याच फेरीत. पाय दमलेले असतात, वाट ओळखीची झालेली असते, वेग नकळत वाढलेला असतो. पहिल्या दिवशी दोन पुरे.

माणसं, कुत्री आणि पाऊस

शहरातलं उद्यान तुमच्या एकट्याचं नाही. पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. चढून येणाऱ्या सायकलवाल्यासाठी उतरणाऱ्याने थांबायचं, फक्त उतारापुरता राखलेला एकदिशा ट्रेल असेल तर गोष्ट वेगळी. मागून येताना दहा-पंधरा मीटरवरूनच हळू आवाजात सांगा किंवा घंटी वाजवा. कानात इअरफोन असलेल्या धावपटूला अगदी जवळ येऊन हाक मारली तर तो दचकून नेमका तुमच्याच बाजूला उडी मारतो. कुत्र्याला फिरवणारा दिसला तर कुत्रा आणि माणूस यांच्या मध्ये काय आहे ते बघा. वाटेवर आडवा ताणलेला पट्टा सावलीत दिसत नाही. लहान मुलं दिसली तर थेट थांबाच.

पाऊस झाल्यावर मातीच्या ट्रेलवर जाऊ नका. किती वेळ, हे मातीवर अवलंबून: वाळूमिश्रित माती काही तासांत निचरते, चिकणमातीला दोन-तीन दिवसही लागतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे पहिले वीस मीटर जाऊन मागे बघा. चाकाची खोल खाच उमटली असेल किंवा टायरला माती चिकटून दाते बुजले असतील तर परत फिरा. ती खाच वाळून कडक होते आणि पुढचा महिनाभर सगळ्यांची चाकं तिच्यात अडकतात. वाटेत एखादं डबकं लागलंच तर हळू होऊन त्याच्या मधूनच जा. कडेने जाणारा प्रत्येक जण वाट एक वीत रुंद करतो, आणि एका मोसमात पायवाटेचा रस्ता होतो.

पंक्चर झालं तर

वाटेतून पूर्ण बाहेर या. मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वांत लहान दातेरी चकतीवर घ्या, मग चाक काढा. डिस्क ब्रेकच्या चकतीला हात लावू नका. उतारानंतर ती भाजण्याइतकी तापलेली असते, आणि थंड असली तरी बोटांचं तेल तिला लागतं. चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर अजिबात दाबायची नाही, नाहीतर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही.

व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूपासून टायरची कड टायर लिव्हरने उचला, ट्यूब ओढून काढा. आता लगेच नवी घालायची घाई नको. जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा. दोन समांतर चिरा असतील तर कारण कमी हवा. एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा काच टायरमध्ये अजून रुतलेली असणार. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा, हातमोजा काढून, आणि सापडेपर्यंत थांबू नका. हे टाळलं की नवी ट्यूबही शंभर मीटरवर पंक्चर होते, आणि आता जवळ दुसरी नसते.

नव्या ट्यूबमध्ये गोल आकार येण्यापुरती हवा भरा, आधी व्हॉल्व्ह भोकात घाला, मग ट्यूब टायरमध्ये सारा. कड बसवायला व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनीच ढकला. लिव्हर वापरली तर ती ट्यूब चिमटवते. तो भाग बसत नसेल तर समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून आणा, तेवढी ढील पुरते. भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी कडेखालून ट्यूब डोकावत नाही ना, ते पूर्ण चाकभर बघा.

घरी आल्यावर

माती वाळू द्या आणि ब्रशने झाडा. टायरच्या दात्यांतली माती आणि बिया उद्यानातच झाडून निघालात तर आणखी बरं, एका जंगलातलं तण दुसऱ्या जंगलात जात नाही. प्रेशरचं पाणी चाकांच्या मध्यावर, पेडलांच्या मधल्या बेअरिंगवर किंवा फोर्कच्या सीलवर मारू नका. ते ग्रीस धुऊन काढतं आणि आत पाणी ठेवून जातं. चेन फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पेडल उलटं फिरवत. पाच मिनिटं मुरू द्या आणि मग बाहेरचं तेल पुसून कोरडं करा. चेन बाहेरून ओली दिसत असेल तर तेल जास्त झालंय आणि पुढच्या फेरीतली सगळी धूळ तिला चिकटेल. तेलाचा स्प्रे वापरत असाल तर आधी मागच्या डिस्कवर फडकं टाका. तिच्यावर एक फवारा उडाला की ब्रेक किंचाळतो, धरत नाही, आणि पॅड बऱ्याचदा बदलावेच लागतात.